हप्ते मालकाने थकवले, घर भाडेकरूने का सोडायचे?

मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर ‘ताबा नोटीस’ नेहमी छापून येते. कर्जदाराचे नाव, जामीनदारांची नावे, थकबाकीचा आकडा आणि खाली मिळकतीचे वर्णन: घर क्रमांक, क्षेत्रफळ, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस शेजाऱ्याचे घर, दक्षिणेस बोळ, उत्तरेस मोकळी जागा. चारही दिशांची नोंद असते, पण त्या चतुःसीमेच्या आत आज कोणाचे बिऱ्हाड आहे, याचा उल्लेख सहसा नसतो. मालक स्वतः त्या घरात राहत असेल तर त्याला जाहिरातीच्या कितीतरी आधी नोटीस मिळालेली असते, कर्ज फेडायला किंवा तडजोड करायला वेळही मिळालेला असतो. घर भाड्याने दिलेले असेल तर मात्र ज्याने कर्ज काढले नाही, हप्ता चुकवला नाही, भाडे महिन्याच्या महिन्याला दिले, त्याच्या दारावर एक दिवस कागद चिकटतो आणि आपण राहतो ते घर बँकेकडे गहाण होते, हे त्याला तेव्हा कळते. वसुलीच्या आपल्या व्यवस्थेत बँकेला जागा आहे, कर्जदाराला जागा आहे, लिलावात बोली लावणाऱ्यालाही आहे. भाडेकरूला जी जागा आहे ती एका नोंदणीकृत कागदावर टेकलेली आहे आणि तो कागद करण्याची जबाबदारी कायद्यानेच भाडेकरूवर टाकलेली नाही. हा अन्याय दूर करता येतो आणि त्यासाठी बँकांची वसुली थांबवावी लागत नाही.

आधी कायद्याची चौकट पाहू. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना न्यायालयात दावा न लावता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार दिला. कर्ज थकीत ठरले की कलम १३(२) खाली कर्जदाराला साठ दिवसांची नोटीस जाते. पैसे आले नाहीत तर बँक आधी सांकेतिक ताबा घेते, नोटीस दारावर लावते आणि सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापते, त्यांतले एक स्थानिक भाषेतले. प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज होतो आणि त्यांच्या आदेशावरून महसुली अधिकारी पोलीस बंदोबस्तात कुलूप लावतात. शेतजमीन या कायद्यातून वगळलेली आहे. त्यामुळे हिंगोलीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात या कायद्याचा सगळा भार शहरांतल्या घरांवर, दुकानांवर आणि गोदामांवर येतो. सहकारी बँकांना हा कायदा लागू आहे की नाही, हा वाद बरीच वर्षे चालला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी तो मिटवला आणि सहकारी बँकाही सरफेसी वापरू शकतात असा निर्णय दिला. मोठ्या शहरांतल्या फ्लॅटपुरता वाटणारा हा विषय त्यामुळे तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत येऊन पोहोचला आहे.

हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा जिल्हा झाला. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे पाच तालुके. जिल्हा झाला तशी कार्यालये आली, कार्यालयांबरोबर बदलीवरचे कर्मचारी आले. शहरात राज्य राखीव पोलीस बलाचा गट आहे, २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेचा लायगो प्रकल्प उभा राहतो आहे. हिंगोली आणि वसमतच्या हळद बाजारामुळे व्यापाऱ्यांना गोदामे लागतात, दुकानांना गाळे लागतात. शिक्षक, परिचारिका, विद्यार्थी, हमाल, अडत दुकानातला मुनीम, बाहेरगावचा व्यापारी असे सगळे कोणाच्या तरी जागेत भाड्याने राहतात किंवा धंदा करतात. या व्यवहारांतले फार थोडे कागदावर येतात. ओळखीतून घर मिळते, अनामत रोख दिली जाते, भाडे हातात किंवा फोनवरून. फार झाले तर बाँडपेपरवर अकरा महिन्यांचा करार लिहून नोटरीचा शिक्का मारून घेतात. मालक आणि भाडेकरू यांच्यात सगळे सुरळीत चालू आहे तोवर एवढ्यावर भागते. तिसरा पक्ष म्हणून बँक दारात आली की हाच कागद सगळ्यांत आधी कुचकामी ठरतो.

भाडेकरूचे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो मुख्यतः मुंबईच्या प्रकरणांतून. ३ एप्रिल २०१४ रोजी हर्षद सोंडागर प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, तारण लिहून देण्याआधीचा वैध भाडेपट्टा बँकेच्या वसुलीने आपोआप संपत नाही आणि भाडेकरूला ऐकून घेतल्याशिवाय दंडाधिकाऱ्यांनी त्याचा ताबा काढून घेऊ नये. २० जानेवारी २०१६ रोजी विशाल कलसारिया प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने संरक्षण दिलेल्या भाडेकरूला सरफेसीच्या आडून बाहेर काढता येणार नाही आणि करार नोंदलेला नाही एवढ्यावरून त्याचे संरक्षण जात नाही. त्याच वर्षी संसदेने कलम १७(४अ) घालून भाडेकरूला कर्ज वसुली न्यायाधिकरणाचा दरवाजा उघडून दिला. पण त्याच कलमात दरवाजा बंद होण्याची कारणेही लिहिली: भाडेपट्ट्याची मुदत संपलेली असेल, तो मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६५अ विरुद्ध असेल, गहाणखताच्या अटींविरुद्ध असेल किंवा १३(२) च्या नोटिशीनंतर झालेला असेल तर दाद नाही. मग ११ सप्टेंबर २०१९ रोजी बजरंग अग्रवाल प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने गाठ आवळली. एका वर्षाहून अधिक काळ ताबा मागायचा तर नोंदणीकृत दस्त हवा. तोंडी किंवा बिननोंदणीचा करार असेल तर फार तर वर्षभराचा हक्क. पाच वर्षांत न्यायालयाने दिलेले संरक्षण अशा रीतीने आकसत जाऊन एका दस्तापाशी येऊन थांबले.

या दस्ताची जबाबदारी कोणाची? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याचे कलम ५५ याबाबत स्पष्ट आहे. भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. मालकाने ती टाळली तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार नोंदलेला नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरूचे म्हणणे खरे धरायचे, उलट सिद्ध होईपर्यंत. विधिमंडळाने हे ठरवले कारण मालक आणि भाडेकरू यांच्यात जोर कोणाचा चालतो, हे त्याला ठाऊक होते. घर हवे असलेला माणूस मालकाला नोंदणी कार्यालयात ओढून नेऊ शकत नाही. मालक मात्र नोंदणी टाळतो, कारण भाड्याचे उत्पन्न दिसू नये, नगरपरिषदेचा कर वाढू नये, आणि कधी कधी बँकेच्या गहाणखतात ‘आमच्या परवानगीशिवाय जागा भाड्याने देऊ नये’ अशी अट असते म्हणूनही. म्हणजे एक कायदा म्हणतो, नोंदणी मालकाने करावी आणि न केल्यास शिक्षा मालकाला. दुसऱ्या कायद्याच्या अंमलात ती न केल्याची शिक्षा भोगतो भाडेकरू. कर्ज बुडवणारा आणि करार न नोंदवणारा माणूस एकच असतो आणि घर जाते तिसऱ्याचे.

लिव्ह अँड लायसन्सवाल्यांची स्थिती याहून नाजूक आहे. आज महाराष्ट्रातली बहुतेक नवी घरे भाडेपट्ट्याने दिली जात नाहीत, अकरा महिन्यांच्या लायसन्सने दिली जातात. लायसन्सने जागेत कोणताही मालकीसदृश हक्क निर्माण होत नाही. ती फक्त राहण्याची परवानगी असते. कलम १७(४अ) मात्र भाडेकरार आणि भाडेपट्टा यांच्याबद्दल बोलते. त्यामुळे ज्या मालकाने आणि राहणाऱ्याने कायदा पाळून लायसन्सचा करार रीतसर नोंदवला, त्या राहणाऱ्यालाही या कलमाचा आधार मिळेलच असे नाही. एका शक्यतेचा विचार करावा. वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळालेल्या मुलांनी हिंगोलीत दोन खोल्या घेतल्या, अनामत दिली, करार केला. मालकाला त्याच्या महिनाभर आधीच बँकेची साठ दिवसांची नोटीस आलेली होती. ती नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय जागा भाड्याने द्यायची नाही, असे कलम १३(१३) मालकाला बजावते. त्याने ते मोडले. पण ती नोटीस फक्त कर्जदार आणि जामीनदार यांना जाते. कर्जदार ती चुकवत नसेल तर ना ती दारावर लागते, ना वर्तमानपत्रात येते. मुलांना ती दिसण्याचा मार्गच नव्हता, तरी नोटिशीनंतरचे भाडेकरू म्हणून त्यांचा हक्क शून्य. अनामतही त्याच मालकाकडे अडकते, जो आधीच कर्जात बुडाला आहे.

ऐकून घेण्याच्या हक्काचेही तसेच झाले आहे. कलम १४ खाली अर्ज करताना बँकेच्या अधिकाऱ्याला नऊ मुद्द्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते: कर्ज किती, तारण काय, थकबाकी किती, खाते थकीत केव्हा झाले, नोटीस दिली का, कर्जदाराच्या हरकतीला उत्तर दिले का, वगैरे. त्या नऊ मुद्द्यांत ‘या जागेत सध्या कोण राहते’ असा मुद्दा नाही. विशेष म्हणजे कर्ज देताना बँकेने हे विचारलेले असते. बँकांच्या प्रचलित मूल्यांकन अहवालात जागा मालकाच्या वापरात आहे की भाडेकरूच्या, भाडेकरू केव्हापासून आहे, भाडे किती, यासाठी रकाने असतात. पैसे देताना जी माहिती महत्त्वाची वाटते, ती ताबा मागताना दंडाधिकाऱ्यांसमोर ठेवण्याची सक्ती नाही. शिवाय कलम १४ खाली दंडाधिकाऱ्यांनी वादांचा निवाडा करत बसायचे नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये घेतली. तक्रार असेल त्याने न्यायाधिकरणात जावे. हिंगोलीकरांसाठी ते न्यायाधिकरण छत्रपती संभाजीनगरला, सुमारे दोनशे किलोमीटरवर. कुलूप लागायला तहसीलदार गल्लीत येतात आणि दाद मागायला परिचारिकेने किंवा हमालाने वकील लावून संभाजीनगर गाठायचे, तेही मुदतीच्या आत. कागदावर हा हक्क आहे, पण तो वापरणे त्यांच्यापैकी किती जणांना परवडेल?

याविरुद्ध पहिला आक्षेप बँकांचा आहे आणि तो खरा आहे. बोगस भाडेकरू उभे करणे ही कर्जबुडव्यांची जुनी युक्ती. लिलाव जवळ आला की मेव्हणा, भाचा किंवा जुना नोकर अचानक भाडेकरू म्हणून प्रकटतो, मागच्या तारखेचा करार पुढे करतो आणि वसुली वर्षानुवर्षे लांबते. बजरंग अग्रवाल प्रकरणात न्यायालयाला ठोस पुराव्याशिवायचा तोंडी दावा मान्य झाला नाही, तो याच भीतीपोटी. पण खोट्याला गाळण्यासाठी खऱ्यालाही बाहेर काढणे हा त्यावरचा उपाय नव्हे. खरा भाडेकरू ओळखता येतो. कर्जाच्या वेळचा मूल्यांकन अहवाल, त्याच्या नावाची गॅस जोडणी, पोलिसांकडची भाडेकरू पडताळणी, बँक खात्यातून किंवा फोनवरून दरमहा गेलेले भाडे, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता: यातले काही ना काही खऱ्याजवळ असतेच आणि मागच्या तारखेने हे सगळे तयार करता येत नाही. अमेरिकेने २००९ मध्ये घरकर्जाच्या संकटात लाखो घरे जप्त होत असताना भाडेकरूंसाठी वेगळा कायदा केला. त्यात खऱ्या भाडेकरूची व्याख्याच लिहिली: तो कर्जदाराचा जोडीदार, मूल किंवा आईवडील नसावा, व्यवहार परक्यांसारखा झालेला असावा आणि भाडे बाजारभावापेक्षा फार कमी नसावे. या कसोटीला उतरला की त्याला किमान नव्वद दिवसांची नोटीस आणि घेणारा स्वतः राहायला येणार नसेल तर कराराची उरलेली मुदत. तो कायदा २०१४ अखेर संपला आणि २०१८ मध्ये कायमचा करण्यात आला. इंग्लंडने २०१० मध्ये, बँकेच्या परवानगीविना राहणाऱ्या भाडेकरूलाही न्यायालय दोन महिन्यांपर्यंत मुदत देऊ शकेल, अशी तरतूद केली. या दोन्ही देशांत बँका आजही तारण विकून वसुली करतात.

दुसरा आक्षेप ठेवीदारांच्या नावाने येतो. बँकेचा पैसा म्हणजे लोकांच्या ठेवी. सहकारी बँकेत तर पेन्शनर, शेतकरी आणि छोटे दुकानदार यांच्या. आत भाडेकरू असलेल्या मिळकतीला लिलावात कमी बोली येते, म्हणजे नुकसान ठेवीदाराचे. हा मुद्दा जुन्या, नगण्य भाड्याच्या आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या भाडेकरूंना लागू पडतो. अकरा महिन्यांच्या कराराने बाजारभावाने भाडे देणाऱ्याला तो लागू पडत नाही. नोटिशीपासून विक्रीपर्यंत बँकेचे कितीतरी महिने जातातच: साठ दिवसांची पहिली नोटीस, मग ताबा, मग विक्रीची तीस दिवसांची नोटीस, त्यानंतर लिलाव. खऱ्या भाडेकरूला दिलेले नव्वद दिवस याच काळात बसतात. तेवढे दिवस भाडे मालकाऐवजी बँकेने घ्यावे. सरफेसीच्या कलम १३(४) खाली ताबा घेणाऱ्या बँकेला मिळकत भाड्याने देण्याचाही अधिकार आहे. कुलूप लावलेल्या घराला वाळवी लागते, खिडक्यांच्या काचा फुटतात, चोऱ्या होतात. राहत्या घराची निगा राहते आणि थकबाकीत थोडी भरही पडते. ठेवीदाराचे हित यातच आहे.

तिसरा आक्षेप भाडेकरूच्या गळ्यात जबाबदारी टाकतो: जागा घेण्याआधी चौकशी का केली नाही? तारणांची केंद्रीय नोंदणी २०११ पासून आहे आणि तिथे किरकोळ शुल्कात शोध घेता येतो. महाराष्ट्रात मूळ कागद ठेवून घेतलेल्या गहाणाचीही सूचना दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते. शेताचा व्यवहार करणारा शेतकरी सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बँकेचा बोजा आहे का ते पाहतोच. मग भाडेकरूने का पाहू नये? पाहावे, आणि यापुढे पाहण्याची सवय लावून घ्यावी. पण या चौकशीने प्रश्न सुटत नाही. घर गहाण असणे हा दोष नाही. कर्ज काढूनच आज बहुतेक घरे बांधली जातात आणि भाड्यातूनच अनेक मालक हप्ते भरतात. गहाण असलेले प्रत्येक घर टाळायचे म्हटले तर शहरात भाड्याला घर उरणार नाही. भाडेकरूला जे कळायला हवे ते गहाण नव्हे, थकबाकी; आणि मालकाचे हप्ते थकले आहेत हे कोणत्याही सार्वजनिक दप्तरात वेळेवर दिसत नाही. जी माहिती फक्त बँकेकडे आणि मालकाकडे असते, ती न मिळवल्याचा दोष भाडेकरूला देता येणार नाही.

म्हणून करायच्या गोष्टी तीन पातळ्यांवर आहेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर नव्या कायद्याची गरज नाही. कलम १४ चा अर्ज आला की जागेत कोण राहते याचा अहवाल बँकेकडून मागवावा, तलाठी किंवा मंडळ अधिकाऱ्याकडून जागेवर खात्री करून घ्यावी आणि राहणाऱ्याच्या हातात मराठीत नोटीस द्यावी: ताबा कधी घेतला जाणार, दाद कोठे आणि किती दिवसांत मागायची, मोफत सल्ल्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कोठे आहे. यात कोणताही निवाडा नाही, म्हणून २०२२ च्या भूमिकेला बाध येत नाही. २०१४ च्या निकालातले ऐकून घेण्याचे तत्त्व मात्र जपले जाते. हिंगोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयाने ही पद्धत सुरू केली तर मराठवाड्यातल्या इतर जिल्ह्यांना ती उचलता येईल. संसदेच्या पातळीवर सरफेसीत तीन दुरुस्त्या हव्यात. कलम १३(२) ची नोटीस मिळकतीच्या दारावरही लावावी आणि प्रतिज्ञापत्रात राहणाऱ्यांविषयीचा दहावा मुद्दा यावा. तसेच कलम १७(४अ) मध्ये लायसन्सवर राहणाऱ्यांचा समावेश करून, व्याख्येत बसणाऱ्या प्रत्येक निवासी भाडेकरूला, करार नोंदलेला असो वा नसो, किमान नव्वद दिवस मिळावेत. राज्याच्या पातळीवर कलम ५५ चा अंमल करायला हवा. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का आहे, नोंदणी शुल्क हजाराहून जास्त नाही आणि नोंदणी ऑनलाइन होते. एवढ्या स्वस्तात होणारे काम मालक टाळतात, कारण ते टाळल्याबद्दल कोणी विचारत नाही. नगरपरिषदा, नोंदणी कार्यालये आणि पोलिसांची भाडेकरू पडताळणी एकमेकांशी जोडली तर विचारणारा कोणीतरी उभा राहील.

भाडेकरूंनीही तोवर हातावर हात ठेवून बसू नये. करार नोंदवण्याचा आग्रह धरावा, मालक तयार नसेल तर नोंदणीचा खर्च आपण देऊ असे सांगून पाहावे. भाडे रोख न देता खात्यातून द्यावे, अनामतीची पावती घ्यावी, ताबा नोटीस दिसली की मालकाच्या आश्वासनावर न थांबता त्याच आठवड्यात बँकेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना आपण येथे राहतो हे लेखी कळवून पोच घ्यावी. दाद मागायला कायद्याने पंचेचाळीस दिवस दिले आहेत. ते मालकाची वाट पाहण्यात घालवले तर परत येत नाहीत. पण या सगळ्या खबरदाऱ्या भाडेकरूने घेतल्या तरी मूळ जबाबदारी त्याची होत नाही. कर्ज देताना बँकेने जोखीम पत्करली आणि त्यावर व्याज घेतले. कर्ज काढताना मालकाने जोखीम पत्करली आणि त्यातून मालमत्ता उभी केली. भाडेकरूने यातले काहीच केले नाही, त्याने फक्त राहण्याची किंमत चुकती केली. तोटा वाटायची वेळ आली की त्याचा वाटा सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त, ही रीत बदलली पाहिजे. नव्वद दिवस, एक नोटीस आणि एक सुनावणी एवढीच ही मागणी आहे आणि ती मान्य करायला आपल्या कायद्याला फार मोठी उडी मारावी लागत नाही.